हिरड्यांतून रक्त येतंय, ‘के’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्यात का?

निळूभट: वडील ६८ वर्षांचे. हृदयाची झडप कृत्रिम, रोज असेनोकुमारॉल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. परवाचा आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचं माप) २.८. ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांना आतल्या बाजूने रक्त येतं. ‘के’मुळे रक्त गोठतं असं वाचलं. गोळ्या द्याव्यात, की पालक वाढवावा?

दंतमंजन: दोन्ही नको! यकृतात तयार होणारे २, ७, ९, १० हे गोठणघटक ‘के’शिवाय कामाचे होत नाहीत, आणि वडिलांची गोळी नेमकं तेच ‘के’ अडवते. वरून ‘के’ दिलंत तर आयएनआर उतरेल आणि झडपेवर गुठळी धरेल. आपल्या मनाने गोळीही बंद करू नका.

‘के’ कमी पडलं की नाकातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच असं कुठेही दिसतं. एकाच जागी, तेही आतल्या बाजूने, म्हणजे बहुधा कीटण (दातांवर साचलेला कडक थर). जिभेखालच्या लाळग्रंथी तिथेच उघडतात, म्हणून तिथे ते लवकर चढतं. रक्त येतं म्हणून तिथला ब्रश टाळला की सूज आणखी वाढते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत धरून हलकेच फिरवायचा.

निळूभट: मग पालक बंदच करू?

हळदकुंडा: बंद नको, प्रमाण एकसारखं ठेवा. १०० ग्रॅम पालकात साधारण ४८० मायक्रोग्रॅम ‘के’ असतं. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन वाट्या पातळभाजी, असं झालं की आयएनआर डळमळतो.

औषधपेटी: कीटण काढायला जाल तेव्हा झडपेचं आधी सांगा. सफाईआधी ३० ते ६० मिनिटं प्रतिजैविकाचा एक डोस लागतो, सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम (पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं). आयएनआर २४ तासांतला न्या, २.८ असताना सहसा गोळी न थांबवता सफाई होते.

नंतर कुणी मेट्रोनिडाझोल किंवा तोंडात लावायला मायकोनाझोल जेल लिहून दिलं तर तिथेच विचारा. दोन्हींनी आयएनआर झपाट्याने चढतो. जेल ‘वरून लावायचं’ म्हणून लोक गाफील राहतात. दुखलं तर आयब्युप्रोफेन नाही, पॅरासिटामॉल, तेही मोजकंच.

दंतमंजन: सफाईनंतर दोन आठवड्यांनीही रक्त थांबलं नाही, तर प्लेटलेट मोजून घ्या. आणि ते मिश्री लावतात का? तंबाखूने हिरड्यांचं रक्त कमी दिसतं, आजार मात्र आतून वाढतच असतो.