ईसीजी यंत्रं भंगारात घाला म्हणणाऱ्यांना

सत्तरीची तंत्रज्ञ
काल इथे एकाने लिहिलं, खोलीच्या तापमानाला चालणारे चुंबकीय सेन्सर आलेत, अंगाला काही न चिकटवता हृदय आणि मेंदू दोन्ही वाचतात, तेव्हा आरोग्य केंद्रांतली ईसीजी यंत्रं, हृदयाची वीज कागदाच्या पट्टीवर उतरवणारी, भंगारात घाला. डोकं फिरलं वाचून. चौदा वर्षं मी इथे गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईला, हेच यंत्र चालवते. आतल्या गावातून छातीत कळ येऊन माणूस पोचतो, पाच मिनिटांत पट्टी निघते, ती बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात तज्ज्ञांकडे जाते आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच टोचलं जातं. तुमच्या सेन्सरला टिपायचंय काय? हृदयाचं चुंबकीय क्षेत्र, ५० पिकोटेस्लाच्या आसपास (टेस्ला हे अशा क्षेत्राचं माप). पृथ्वीचं आपल्याकडे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे जवळजवळ दहा लाख पट. बाहेरून खनिजाचा ट्रक गेला की आटोपलं. मग म्हणे म्यू-मेटलची, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूची, खोली बांधा. आमच्याकडे औषधांच्या कपाटाला जागा नाही.

दोनापावला
बाय, भंगाराची भाषा चूकच. पण तुम्ही दुसरं टोक गाठलंत. १९६३ साली अमेरिकेत बाउले आणि मॅकफी यांनी हे क्षेत्र पहिल्यांदा टिपलं ते तारेच्या लाखो वेढ्यांनी. मग स्क्विड नावाचे अतिसंवेदनशील चुंबकीय सेन्सर आले. त्यांना उणे २६९ अंशांचा द्रव हेलियम लागतो आणि हेलियम आपण बाहेरून आणतो. कल्पाक्कमला अणुसंशोधन केंद्राने तशी यंत्रणा उभारली, पण ती वाळपईला कशी नेणार? हार्ड डिस्कच्या वाचकात असतात तसल्या टीएमआर सेन्सरना, चुंबकीय क्षेत्र बदललं की ज्यांचा विजेला होणारा रोध बदलतो त्यांना, थंडावा लागतच नाही. ट्रकचा त्रास? एक सेन्सर छातीशी, एक थोडा लांब, आणि वजाबाकी; ट्रकचा गोंगाट दोघांत जवळपास सारखाच, तो निघून जातो. १०० ठोक्यांची सरासरी घेतली की गोंगाट दहापट उतरतो. शिवाय बायका ब्लाऊज काढायला लाजतात, इलेक्ट्रोड भलतीकडे लागतात. हे तुम्ही रोज बघत असणार.

सत्तरीची तंत्रज्ञ
लाजेचं खरं आहे, तेवढं मान्य. पण ज्याचा अधूनमधून एखादाच ठोका चुकतो, त्याचे १०० ठोके एकत्र मिसळले तर चुकलेला दिसणार कुठे? आणि मेंदूचं क्षेत्र हृदयाच्याही शेकडो पट क्षीण. २०१८ साली इंग्लंडात डोक्यावर घालायचं यंत्र केलं, त्यातली रुबिडियमची वाफ दीडशे अंशांपर्यंत तापवावी लागते. हे खोलीचं तापमान?

डिचोलीकर
चुंबकाचं नाव काढू नका. एक विक्रेता घरी येऊन आईला चुंबकाची गादी देऊन गेला. रक्त शुद्ध होतं, प्रेशर उतरतं म्हणाला. पेन्शनचे साठ हजार गेले. तिने प्रेशरच्या गोळ्या सोडल्या, कोणाला कळू दिलं नाही. गणपतीत आरतीच्या वेळी चक्कर येऊन पडली. वर २१० होतं.

मडगावचा
गादीचा इथे काय संबंध? आणि सगळ्या गाद्या वाईट नसतात. माझे गुडघे वर्षभरात मोकळे झाले.

डिचोलीकर
संबंध असा, की ‘चुंबकाने हृदय वाचतं’ हे वाक्य उद्या तोच माणूस दारोदार सांगणार. तुम्ही विकता का गाद्या?

मडगावचा
तोंड सांभाळून बोला. अनुभव सांगितला तर मी चोर?

दोनापावला
बाब, सेन्सर शरीरात काहीच सोडत नाही, हृदयातून येतं ते फक्त ऐकतो. गादीतलं चुंबक हृदयाच्या क्षेत्राहून कोट्यवधी पट जोरदार. तसल्या गादीवर झोपवून मोजायला गेलात तर सेन्सरला हृदय सापडणारच नाही. गुडघ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, मला नाही.

सत्तरीची तंत्रज्ञ
डिचोलीकर, आईच्या गोळ्या परत सुरू झाल्या का? दोनापावला, तुम्हाला एक देते. पोटातल्या बाळाच्या अंगावर सातव्या महिन्याच्या सुमारास पांढरा थर येतो, तो विजेला अडवतो, म्हणून आईच्या पोटावरून बाळाचा ईसीजी नीट मिळत नाही. चुंबकीय क्षेत्राला तो थर आड येत नाही. तिथे आणा तुमचा सेन्सर, मी शिकून घेईन. माझं यंत्र मात्र हलवू नका.

डिचोलीकर
गोळ्या चालू आहेत. आता मी समोर उभा राहून देतो.