बाबांना काहीच त्रास नाही, पण एमआरआयमध्ये गाठ

बाबा 63 वर्षांचे. रोज पहाटे रामकुंडावर जातात. गेल्या आठवड्यात शेवाळावरून पाय घसरला, डोकं आपटलं, म्हणून स्कॅन केला. मार काही नाही, पण रिपोर्टमध्ये 11 मिमीचा मेनिंजिओमा! डोकेदुखी नाही, फिट नाही, नजर उत्तम. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी परत बघू. आईला झोप नाही. गाठ डोक्यात ठेवून नुसती वाट कशी बघायची?

सिडकोवाली: ताई, माझ्या आईच्या डोक्यात असाच जुना, छोटा स्ट्रोक सापडला होता. तिला कधी कळलाही नव्हता. आमच्याकडे बीपीची गोळी नियमित झाली, हाच खरा उपाय. पण तुमचं प्रकरण वेगळं, एकाचं औषध दुसऱ्याला लावू नका.

पंचवटीकर: मेनिंजिओमा मेंदूत नाही, मेंदूवरच्या आवरणात वाढतो. बहुतेक साधे असतात, सावकाश वाढतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या 2007 च्या अभ्यासात सरासरी 63 वर्षांच्या 2000 लोकांचे एमआरआय काढले. 7.2 टक्क्यांत न कळलेले स्ट्रोक, 1.8 टक्क्यांत रक्तवाहिनीला फुगा, 1.6 टक्क्यांत साध्या गाठी. म्हणजे बाबा एकटे नाहीत. आताची सीडी जपा. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला, म्हणजे मापं नीट जुळतात. मधेच फिट आली, हातापायातली ताकद गेली, दिसणं बदललं तर सहा महिने थांबू नका.

प्रश्नकर्ती: आईला आत्ताच वाचून दाखवलं. ‘आवरणात’ ऐकून ती थोडी सावरली. सीडी कपाटात ठेवली.