मदत हवी आहे: प्रवासात उघडलेल्या वाळूच्या नमुन्याचे काय करावे?

कोल्हापुरात भूगोलाच्या एम.एस्सी. प्रबंधासाठी मी थरच्या वाळवंटातील जुन्या हवामानाचा अभ्यास करत असून, राजस्थानातील डिडवाणाजवळच्या एका वालुकागिरीच्या छेदातून ल्युमिनेसन्स कालमापनासाठी (वाळूच्या कणांना शेवटचा उजेड कधी लागला, यावरून वय काढण्याची पद्धत) तीन थरांची वाळू तीन पीव्हीसी पाइपांत भरून आणली आहे. थरमध्ये वाळू सर्वाधिक साचली ती सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या ऐन भरात नव्हे, तर नंतर नैर्ऋत्य मोसमी वारे पुन्हा बळावू लागल्यावर, असे मानले जाते. कंकराच्या (चुन्याच्या गाठींच्या थराच्या) लगेच वरचा माझा थर त्यातल्या कोणत्या काळचा, हे मला पाहायचे आहे.

नेमक्या त्याच पाइपाचे टोपण परतीच्या प्रवासात निघाले. मिरजेला उतरताना पिशवीच्या तळाशी मूठभर वाळू सांडलेली दिसली. पाइप तसाच काळ्या कापडात गुंडाळून बंद ठेवला आहे. आतली वाळू अद्याप काढलेली नाही. टोकांची, उजेड लागलेली वाळू वगळून मधलीच वापरतात, हे ठाऊक आहे. पण ही वाळू कोरडी, सुटी असल्याने आतल्या आत मिसळली असण्याची भीती वाटते. पुन्हा राजस्थानला जाणे या वर्षी शक्य नाही.

अशा नमुन्यात एकेका कणाचे स्वतंत्र मापन केल्यास उजेड लागलेले कण खात्रीने वेगळे काढता येतात का, की हा पाइप बादच धरावा?