तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा का? (लेकीच्या पीएचडीचा प्रश्न)

तेरीजकर

सहकारी बँकेत हिशेब विभागात तेहेतीस वर्षं काढली. फिजिक्स बारावीनंतर सुटलं ते सुटलंच. प्रश्न लेकीमुळे पडलाय.

ती एमएस्सी झाली, आता पीएचडीचा विषय ठरवायचाय. रविवारी जेवणं झाल्यावर भाजीच्या यादीच्या पाठीवर तिने मला एक आकृती काढून दाखवली. तीन रेघा. गुरुत्वाकर्षण सोडून निसर्गात जी तीन बलं आहेत, त्यांची ताकद. ऊर्जा वाढवत नेली की तिन्ही रेघा एकमेकींकडे सरकतात. माहीत असलेल्या कणांवरच गणित केलं तर जवळ येऊन चुकतात, मध्ये बारीकसा त्रिकोण उरतो. पण प्रत्येक कणाला एक जोडीदार कण आहे असं धरलं (सुपरसिमेट्री म्हणतात म्हणे), तर तिन्ही एका बिंदूत. १९९१ मध्ये सर्नचे (जिनिव्हाजवळची कणांवर प्रयोग करणारी प्रयोगशाळा) अचूक आकडे हाती आल्यावर हे ठळकपणे दिसलं. तो बिंदू तिने इतका गिरवला की कागदाला भोक पडलं. "आई, हे उगाच जुळेल का?"

मी विचारलं, ते जोडीदार कुणी पाहिलेत? नाही. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या यंत्रात २०१२ साली हिग्ज नावाचा कण सापडला, जोडीदार एकही नाही. तिचे होऊ घातलेले गाइड म्हणतात, इतकं देखणं गणित निसर्ग वाया घालवणार नाही, थोडी श्रद्धा ठेवायला हवी.

आता माझी अडचण. आमच्या धंद्यात तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंची बेरीज, ट्रायल बॅलन्स) जुळली म्हणून कुणी पेढे वाटत नाही. एकाचे पाच हजार दुसऱ्याच्या खात्यात जमा पडले तरी तेरीज जुळते. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात, तरी जुळते. एखादं व्हाउचर लिहायचंच राहिलं तरीसुद्धा जुळते! मार्चअखेरीला पहिल्या फटक्यात जुळली की मला उलट झोप लागायची नाही.

मग फिजिक्समध्ये नुसत्या जुळण्यावर पाच वर्षं लावावीत का? तिला नाउमेद करायचं नाहीये. पण गप्पही बसवत नाही.

अर्धा_कप_चहा

ताई, भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकचं नाव लेकीने सांगितलं असेलच. १९२८ साली इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, त्यातून उलट्या भाराचा कण निघत होता. १९३२ मध्ये अँडरसनला तो खरोखर दिसला, पॉझिट्रॉन. नंतर डिरॅकने लिहूनच ठेवलं की समीकरण प्रयोगाशी जुळण्यापेक्षा ते सुंदर असणं जास्त महत्त्वाचं. तो श्रोडिंगरचा दाखला द्यायचा: त्याने आधी सापेक्षतेत बसणारं समीकरण काढलं, हायड्रोजनच्या आकड्यांशी जुळेना म्हणून बाजूला ठेवलं. चूक समीकरणाच्या सौंदर्यात नव्हती, इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगचाच गिरकीसारखा गुण) त्यात धरलेला नव्हता. तेव्हा घाई नको. जाऊ दे पोरीला.

जुना_फिटर

डिरॅकचा किस्सा अर्धाच सांगितलात. समीकरणातून धन भार निघाला तेव्हा तो प्रोटॉनच असावा असं त्याने आधी म्हटलं होतं. वस्तुमानात अठराशे पटींचा फरक, तरी. १९३१ साली माघार घेऊन नवा कण म्हणाला. म्हणजे समीकरण देखणं होतं ते होतंच, पण ते काय सांगतंय हे खुद्द मालकालाही लगेच कळलं नव्हतं.

ताई, मी शास्त्रज्ञ नाही. ऐंशीच्या सुमारास कुलाब्याला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) वर्कशॉपमध्ये फिटर होतो आणि एका सुंदर सिद्धांतासाठी लोखंड कापलंय, एवढीच माझी लायकी.

तो सिद्धांत १९७४ चा, जॉर्जी आणि ग्लॅशो यांचा. तुमच्या लेकीने काढलेल्या तीन रेघा एकत्र आणण्याचाच खटाटोप. एका पिढीचे, म्हणजे कणांच्या एका संचातले, पंधरा कण दोन खणांत बसवलेले, एकात पाच, एकात दहा, ना एक जास्त ना एक कमी. इलेक्ट्रॉनचा आणि प्रोटॉनचा भार उलटा पण नेमका सारखा का, याचं उत्तर त्यात आपोआप येतं. आमचे साहेब चहाच्या कपाखालच्या कागदावर हे काढून दाखवायचे. मला गणित समजायचं नाही, पण त्यांचा चेहरा समजायचा. लेथवर पहिल्याच पासात माप उतरलं की आमचाही तसाच होतो.

फक्त एक होतं. हे खरं असेल तर प्रोटॉन अमर नाही, कधीतरी फुटणार. आयुष्य विश्वाच्या १३८० कोटी वर्षांपेक्षा कितीतरी जास्त, एकावर तीस-एकतीस शून्यं इतकी वर्षं. एका प्रोटॉनपाशी कोण बसणार? म्हणून पुष्कळ प्रोटॉन एकत्र ठेवून बसायचं. १४० टन लोखंड घेतलं तर त्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून आठावर एकतीस शून्यं. एकतीस शून्यांचं आयुष्य धरलं तर वर्षाला आठेक मरायला हवेत. भागाकार आहे, तुम्हाला जमेल.

आकाशातून येणाऱ्या कणांचा गोंगाट टाळायला हे सगळं कोलारच्या सोन्याच्या खाणीत २३०० मीटर खाली उतरवलं. ओसाकाचे जपानी लोकही सोबत होते. चौकोनी लोखंडी नळ्या, मधोमध केसासारखी तार, आत आर्गॉन आणि मिथेन. एकावर एक थर, मध्ये लोखंडी पत्रे. माझं काम नळीच्या टोकांचं. साबणाचं पाणी लावायचं आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की नळी बाद. एकदा एका नळीला तीन दिवस काही नाही, चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा. साहेब म्हणाले, बाकी सगळं उत्तम आहे ना, चालवून घेऊ. मी म्हटलं, तुमचा प्रोटॉन मेला की माझा गॅस गळला, हे मग कोण सांगणार? परत उघडली.

काही नोंदी मिळाल्या, प्रोटॉन मेल्यासारख्या. पेपरही छापले. पण न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे कण, खाली पोचतात आणि तसाच देखावा करू शकतात. मग अमेरिकेत मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याची टाकी बसली, जपानात कामिओकाला दुसरी. टाक्या आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या, तरी त्यांना प्रोटॉन मरताना दिसला नाही. जपानची आताची ५० हजार टनांची टाकी १९९६ पासून बघतेय. निदान त्या सिद्धांतातल्या मुख्य प्रकाराने प्रोटॉन मरत असेल, तर त्याचं आयुष्य एकावर चौतीस शून्यांपेक्षा जास्त आहे, एवढंच तिला सांगता येतं. १९७४ चा तो साधा देखणा सिद्धांत तिथेच मेला, प्रोटॉन नाही.

म्हणून काय सगळं पाण्यात गेलं? अक्षरशः पाण्यातच गेलं, आणि तिथे भलतंच सापडलं. २३ फेब्रुवारी १९८७ ला त्या दोन्ही टाक्यांना फुटलेल्या ताऱ्याचे मूठभर न्यूट्रिनो दिसले. १९९८ ला जपानच्या मोठ्या टाकीने दाखवलं की न्यूट्रिनोला वस्तुमान असतं. दोन्हीसाठी नोबेल आलं. पहिल्या टाक्या बांधायला पैसे प्रोटॉनच्या नावाने मिळाले होते.

तेव्हा तेरीज जुळत नाही म्हणून कुणी खड्डा खणत नाही, जुळतेय असं वाटलं तरच खणतात. सौंदर्याचा उपयोग मला तेवढा दिसतो. लेकीला एकच विचारा: हे चूक असेल तर ते कोणत्या यंत्रावर कळेल, आणि तिच्या हयातीत का? उत्तर असेल तर पाठवा. "श्रद्धा" एवढंच उत्तर असेल तर मी मुलीचा बाप असतो तर हटकलं असतं.

विदुला

फिटरकाका, वाचनखूण साठवली. श्रद्धेबद्दल थोडं.

भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम पक्के धार्मिक. १९७९ चं नोबेल घ्यायला फेटा बांधून गेले आणि मेजवानीच्या भाषणात कुराणातली आयत म्हटली: परमेश्वराच्या निर्मितीत खोट दिसणार नाही, पुन्हा नजर टाकून बघ. सोबत नोबेल मिळालेले वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघांनी १९६७-६८ मध्ये वेगवेगळं काम करून एकच सिद्धांत काढला, त्या तीन बलांपैकी दोन एकत्र आणणारा. सलामनी स्वतःच लिहिलंय की मी आस्तिक आणि ते नास्तिक, याने कामात काही फरक पडला नाही. १९८३ ला सर्नमध्ये त्या सिद्धांतातले डब्ल्यू आणि झेड कण सापडले, तेही कुणाचा धर्म न विचारता.

पुढची गंमत बघा. हेच सलाम, ओडिशाचे जोगेश पती यांच्यासोबत, जॉर्जी-ग्लॅशोंच्याही आधी १९७३ साली म्हणत होते की प्रोटॉन मरू शकतो. माणूस तोच, श्रद्धा तीच. एक चेक वटला, दुसरा अजून क्लिअरिंगला आहे.

आपल्याकडे नारळीकर सरांचंच घ्या. स्थिर विश्वाच्या कल्पनेत, जिथे आरंभही नाही आणि अंतही नाही, एक डौल होताच. १९६५ ला पार्श्वप्रारण (आकाशातून सगळीकडून येणारं मंद प्रारण) सापडल्यावर बहुतेक जग महास्फोटाकडे वळलं. सर मात्र हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये सुधारलेलं रूप घेऊन परत आले. मला ते पटलं नाही. पण ते श्रद्धेच्या भाषेत कधी बोलले नाहीत, वाद घालायचे ते निरीक्षणांवर, म्हणून त्यांच्याशी भांडता यायचं.

शंकेखोर

ते सगळं ठीक. पण जोडीदार कण आणखी जड आहेत, पुढच्या यंत्रात दिसतील, असं दर वेळी म्हणता येतंच की. फिटरकाकांची कसोटी तिथे गळते.

जुना_फिटर

गळते, मान्य. म्हणून तर "हयातीत का" असं विचारायला सांगितलं.

तेरीजकर

सगळ्यांचे आभार. लेकीला धागा वाचायला दिला. आधी फुरंगटली. संध्याकाळी तीच भोक पडलेली यादी घेऊन आली आणि म्हणाली, हा बिंदू जितका उजवीकडे, म्हणजे जितक्या जास्त ऊर्जेला, तितका प्रोटॉन जास्त जगतो. जोडीदार धरले की बिंदू उजवीकडे सरकतो, म्हणून आजवर प्रोटॉन मरताना दिसला नसेल. जपानमध्ये आता २ लाख ६० हजार टनांची टाकी होतेय, तिच्या टप्प्यात काही उत्तरं येतात. विषय तिने अजून ठरवलेला नाही, पण गाइडना मेल केलाय: नुसत्या रेघा नकोत, प्रोटॉनचं आयुष्य काढण्याचं काम मिळेल का. उत्तर आलेलं नाही.

यादी मात्र तिच्याकडेच राहिली, त्यामुळे कोथिंबीर आणायची राहून गेली.

जुना_फिटर

२ लाख ६० हजार टन! एवढ्या टाकीची गळती कशी तपासणार आहेत ते तिला विचारून इथे लिहा. साबणाचं पाणी पुरायचं नाही.