शब्दचर्चा : जगलिंगमधल्या हातांच्या स्थितीला मराठीत काय म्हणावं?

कोपरीकर (ठाणे पूर्व) : सुट्टीच्या शिबिरात मुलांना तीन चेंडूंचं जगलिंग (चेंडू आळीपाळीने फेकून झेलत राहणं) शिकवताना फळ्यावर साइटस्वॅपचे, म्हणजे फेकी आकड्यांत लिहायच्या पद्धतीचे, आकडे लिहितो. साधा कॅस्केड (दोन्ही हातांनी आलटून-पालटून समोरच्या हाताकडे फेकणं) म्हणजे ३ आणि स्टीव्ह मिल्स या जगलरच्या नावाचा मिल्स मेस (हात सतत एकमेकांवरून ओलांडत केलेला प्रकार) म्हणजेही ३. चेंडू किती ठोक्यांनी परत फेकला जातो एवढंच तो आकडा सांगतो, हात कुठे आहेत ते नाही. त्यासाठी मिल्स मेस स्टेट ट्रान्झिशन डायग्रॅम आहे, म्हणजे हातांच्या स्थिती आणि एकीतून दुसरीत जाणारे बाण दाखवणारी आकृती. त्यातल्या स्थितींना मराठी शब्द हवेत. 'हाताची घडी' चालेल का?

वाशीकर : घडी नको. घडी म्हटलं की मुलं शाळेतल्यासारखे हात बांधून बसतात, तळवे दंडाखाली जातात. इथे हातांची फुली पडते, पण तळवे वर आणि मोकळे असतात. 'कैची' म्हणा. 'उजवी कैची' म्हणजे उजवा हात डाव्याच्या वरून, 'डावी कैची' म्हणजे उलट, आणि फुली नसेल तेव्हा 'मोकळे'. 'उघडे' हा शब्दही चांगला आहे, पण त्याचं आद्याक्षर उजव्याशी भांडतं.

कैची मनगटावर घालू नका, त्याच्या जरा मागे घाला. फुली अगदी मनगटावर असली की खालचा तळवा पुरेसा बाहेर येत नाही आणि त्याचा चेंडू वरच्या हातावर आपटतो.

कोपरीकर : पटलं. पण लिहायचं कसं? मूळ पद्धतीत मोठं अक्षर हातांच्या स्थितीचं, लहान अक्षर फेकणाऱ्या हाताचं. देवनागरीत लहान-मोठं नाही.

ऐरोली : जागेवरून ओळखा. पहिलं अक्षर स्थितीचं (म, उ, ड), मग आडवी रेघ, मग फेकणारा हात (उ किंवा ड). तीन स्थिती, दोन हात, एकूण सहा नोंदी. हात आलटून-पालटून फेकतात, म्हणून प्रत्येक नोंदीवरून पुढे तीनच वाटा. सगळे मिळून १८ बाण.

कॅस्केड : म-उ, म-ड.
कैची न सोडता केलेला कॅस्केड : उ-उ, उ-ड.
मिल्स मेस : म-उ, ड-ड, ड-उ, म-ड, उ-उ, उ-ड, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मिल्स मेसची ओळ नीट बघा. प्रत्येक कैचीत आधी वरचा हात फेकतो, मग खालचा, आणि त्यानंतरच कैची सुटते. मुलं नेमकी इथे घाई करतात. डाव्या कैचीत उजव्याची फेक व्हायच्या आधीच हात सोडले की ड-उ च्या जागी म-उ होतं, आणि चेंडू डावीकडून निघायचा तो उजवीकडून निघतो. मग पुढची उजवी कैची घालताना चेंडू निसटतो. बघणाऱ्याला वाटतं झेल चुकला, पण चूक दोन फेकी आधीची असते.

वाशीकर : दोन गोष्टी फळ्यावर आधीच लिहून ठेवा. उजवा-डावा नेहमी फेकणाऱ्याचा, समोरच्याचा नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसतं, त्यावरून नोंद करू नका. आणि नोंद फेकीच्या क्षणाची, झेलाच्या नाही. झेलून फेकेपर्यंत हात सरकलेले असतात.

कोपरीकर : आणि रिव्हर्स कॅस्केड, म्हणजे चेंडू बाहेरच्या बाजूने फेकायचा उलटा कॅस्केड?

ऐरोली : तोही म-उ, म-ड. चेंडू आतून गेला की बाहेरून, हे या पद्धतीत येतच नाही. शेजारी 'आत' किंवा 'बाहेर' असं वेगळं लिहा.