दाजी फौजेतून रिटायर होते, गेल्या वर्षी वारले. ताईला आणि मुलांना राज्य सरकारकडून नक्की काय मिळतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं एकदाच सांगितलं तर उत्तर देणाऱ्याला बरं पडेल.

माझे दाजी मराठा लाईट इन्फंट्रीत होते. १९९४ ला भरती झाले, २०१८ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि गावी खटाव तालुक्यात शेती बघायला लागले. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. घरात आता ताई, बारावीला असलेली भाची, सातवीतला भाचा आणि दाजींचे वडील, त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. मी पिंपरीला नोकरीला, सुट्टी मिळेल तसा जाऊन येतो, आणि कागदपत्रांचं सगळं माझ्याकडंच आहे.

गावात दोन प्रकारची माणसं भेटतात. एकजण म्हणतो आता पाच एकर जमीन मिळेल, एक कोटी मिळतील, एकाला सरकारी नोकरी लागेल. दुसरा म्हणतो तो काय लढाईत गेलाय का, त्यामुळं काही मिळत नसतं, उगाच चपला झिजवू नका. मला जेवढं कळलंय त्यावरून जमीन आणि एक कोटी हे कर्तव्यावर वीरमरण आलेल्यांच्या कुटुंबासाठी आहे आणि त्यावर आमचा हक्क नाही, ते आम्ही मागणारही नाही. पण माणसानं चोवीस वर्षं नोकरी केलीय, त्यातला बराच काळ काश्मीर आणि ईशान्येकडं काढलाय, त्याच्या माघारी बायकोमुलांसाठी ज्या योजना सरकारनं स्वतःच काढल्यात त्या तरी नीट मिळाव्यात एवढंच म्हणणं आहे.

पहिली अडचण नावाची. लग्नात आमच्याकडं ताईचं नाव बदललं, पण दाजींनी युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (म्हणजे लग्नाची, मुलांची फौजेच्या रेकॉर्डला होणारी नोंद) करताना माहेरचंच नाव दिलं होतं. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर), डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव आणि आधार, पॅन, बँक पासबुक सगळीकडं सासरचं, शिवाय जन्मतारखेत एक वर्षाचा फरक. ग्रामपंचायतीचा लग्नाचा दाखला आहे पण त्यावर दोन्ही नावं नाहीत. यामुळं फॅमिली पेन्शन अजून चालू नाही आणि विधवा ओळखपत्रही निघालेलं नाही. एका ठिकाणी सांगितलं आधी पेन्शनचं करा, दुसरीकडं सांगितलं आधी ओळखपत्र आणा. नक्की सुरुवात कुठून करायची?

दुसरं घरपट्टीचं. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे, बाळासाहेब ठाकरेंच्या नावानं २०२० साली ती योजना आली, हे दाजी असतानाच ऐकलं होतं. पण घराचा उतारा दाजींच्या वडिलांच्या नावावर आहे म्हणून ग्रामपंचायतीनं पावती फाडली ती फाडलीच. यात काही करता येतं का?

तिसरं भाचीचं आणि हे सगळ्यात घाईचं आहे. पोरगी हुशार आहे, सीईटी देतीय, इंजिनिअरिंगला जायचंय. डिफेन्सचा कोटा असतो म्हणतात, तो रिटायर फौजीच्या मुलांना असतो का आणि वडील हयात नसतील तर कुठले कागद लागतात? पुण्यात सैनिकी मुलींचं वसतिगृह आहे तिथं जागा मिळाली तर खोलीच्या भाड्याचा मोठा प्रश्न सुटेल. शिष्यवृत्तीबद्दल तर इतकी वेगवेगळी नावं ऐकली की कुठली राज्याची आणि कुठली केंद्राची तेच समजेना.

आणखी एक. मागच्या खेपेला एक माणूस भेटला, म्हणाला सगळं करून देतो, निम्मे पैसे आधी द्या. मी नाही म्हणालो. पण ताई खचलीय, तिला वाटतं देऊन टाकावेत आणि सुटावं. कुणाला स्वतःचा अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

सुभेदार_निवृत्त

भाऊ, सगळ्यात आधी त्या माणसाला एक रुपया देऊ नका. यातल्या कुठल्याच कामाला एजंट लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ते राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं, त्याचं मुख्य ऑफिस पुण्यात घोरपडीला. अर्ज तिथूनच जातात आणि फी नसते. साताऱ्याला तर माजी सैनिकांची एवढी गर्दी असते की तिथल्या माणसांना असल्या नावाच्या केसेस रोजच्या आहेत.

क्रम सांगतो. मूळ गाठ बेळगावला आहे, मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला. तिथं ताईंचं नाव आणि जन्मतारीख दुरुस्त झाली की पीपीओ सुधारून येतो आणि मग पुढचं सगळं हलतं. ओळखपत्रासाठी कल्याण कार्यालयात जाल तेव्हा तेही रेकॉर्डच बघणार, त्यामुळं तुम्ही दोन दारांच्या मध्ये अडकलाय असं वाटतंय पण दार एकच आहे. तरीपण पहिली फेरी साताऱ्यालाच मारा, कारण रेकॉर्डला जाणाऱ्या अर्जावर कल्याण अधिकाऱ्याची सही शिक्का असला की उत्तर लवकर येतं. सोबत लागेल ते असं: मृत्यू दाखला, डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, जुना पीपीओ, ताईंचं आधार पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, आणि माहेरचं व सासरचं नाव एकाच बाईचं आहे असं ॲफिडेव्हिट. आमच्या कंपनीतल्या एकाच्या बायकोला पेपरात जाहिरातसुद्धा द्यायला लावली होती, ते रेकॉर्ड सांगेल तसं करा, आधीच खर्च करू नका.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा रिटायरमेंटनंतरचा वाढीव विमा असतो, त्याचे पैसे रिटायर होतानाच एकरकमी कापून घेतात. त्याचं सर्टिफिकेट दाजींच्या काळ्या पेटीत असेल, डिस्चार्ज बुकाच्या फाईलमध्येच बहुतेक. ते शोधा. हा क्लेम पेन्शनपेक्षा वेगळा करावा लागतो आणि न करता राहून गेलेल्या कितीतरी घरांमध्ये मी स्वतः फॉर्म भरून दिलेत.

लेक_फौजीची

भाचीबद्दल लिहिते, मी स्वतः या कोट्यातून इंजिनिअरिंग केलंय. महाराष्ट्रात सीईटी सेलच्या कॅप राऊंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) डिफेन्सचे तीन प्रकार असतात. डेफ वन म्हणजे महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांची मुलं, डेफ टू म्हणजे महाराष्ट्रातल्या पण अजून नोकरीत असलेल्यांची, आणि डेफ थ्री म्हणजे बाहेरच्या राज्यातले पण इकडं पोस्टिंगला असलेल्यांची. तुमची भाची डेफ वन. जागा पाच टक्के आणि एका कॉलेजला जास्तीत जास्त पाच, म्हणजे थोड्या असतात पण चांगल्या कॉलेजात कटऑफला फरक पडतो. वडील नसले तरी हक्क जात नाही.

आता नीट वाचा. यात मुलीचं डोमिसाइल पुरत नाही, फौजीचं स्वतःचं डोमिसाइल सर्टिफिकेट मागतात. आमच्या बॅचला दोन मुलींचं इथंच अडलं होतं, कारण वडिलांनी कधी काढलंच नव्हतं. दाजींनी रिटायर झाल्यावर कुठं नोकरीसाठी अर्ज केला असेल तर बहुतेक काढलेलं असणार, ते शोधा. नसेल तर आत्ताच तहसीलला जाऊन विचारा, निकाल लागायची वाट बघू नका, जूनमध्ये सेतूला रांगा लागतात. डिफेन्सचा दाखला माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच लागतो आणि तो सैनिक कल्याण कार्यालयातून घ्यायचा, साध्या कागदावरचा चालत नाही.

वसतिगृहाचा अर्जही त्याच कार्यालयामार्फत करा. ॲडमिशन कुठल्या शहरात लागते त्यावर ठरेल, पण आधी विचारून ठेवलेलं बरं, जागा लवकर भरतात. तिथं मेस साधी असते पण वातावरण फार सुरक्षित असतं, आमच्या आईला तोच मोठा धीर होता.

शिष्यवृत्तीचं असं आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती केंद्रीय सैनिक बोर्डाची, पहिल्या वर्षी प्रवेश घेतल्यावर ऑनलाइन भरायची, बारावीला ६० टक्के लागतात, मुलींना महिन्याला ३००० प्रमाणे वर्षाचे ३६००० मिळतात. देशभरात ५५०० जणांनाच मिळते. दुसरं शिक्षण अनुदान, तेही केंद्रीय बोर्डाचंच पण हवालदार रँकपर्यंतच, म्हणजे तुम्ही बसता. पहिलीपासून पदवीपर्यंत दोन मुलांना मिळतं, ते १००० वरून २००० महिना केलंय, १ नोव्हेंबर २०२५ पासून. आणि तिसरी राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची, ती ध्वजदिन निधीतून चालते. एकाच मुलासाठी एकाच वर्षी दोन योजनांतून उचलता येत नाही, फॉर्मवर तसं लिहून घेतात, त्यामुळं भाचीला पंतप्रधान आणि भाच्याला शिक्षण अनुदान असा विचार करा.

माणदेशी_माणूस

मी आमच्या गावात ग्रामपंचायत सदस्य होतो म्हणून घरपट्टीचं सांगतो. माफी आहे हे खरं, विधवेलाही आहे, पण एकाच घराला आणि ते घर माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या बायकोच्या नावावर असावं लागतं. तुमच्या केसमध्ये ग्रामसेवक मुद्दाम अडवतोय असं वाटत नाही. आजोबा हयात आहेत, त्यांची तयारी असेल तर घराचा ताईंच्या वाट्याचा भाग नमुना आठला (ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्याला) ताईंच्या नावावर लावून घ्या. त्यात बाकीचे चुलते असतील तर त्यांची संमती लागेल, ते घरात बसून प्रेमानं करा कारण घरपट्टीच्या थोड्या पैशासाठी भाऊबंदकी लागायला नको. नोंद झाली की सैनिक कल्याणचा दाखला जोडून अर्ज ग्रामपंचायतीला द्या, पोहोच घ्या, आणि नाहीच ऐकलं तर गटविकास अधिकाऱ्याकडं जा.

नोकरीचं पण विचारलंत. क आणि ड गटात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे ते स्वतः माजी सैनिकासाठी. सेवेमुळं मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या घरच्यांचा विचार होतो. दाजी पेन्शनवर आल्यावर नैसर्गिक कारणानं गेले, त्यामुळं ताईंना त्यातून नोकरी मिळेल या आशेवर राहू नका, कुणी तसं सांगून पैसे मागितले तर तो फसवतोय.

पिंपरीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून ताईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, बऱ्याच दिवसांनी ती स्वतःहून प्रश्न विचारायला लागली. शेजारच्या पोराला व्हिडिओ कॉल लावायला सांगून पेटी उघडली. वरती पांढऱ्या रंगानं दाजींचा आर्मी नंबर, आत युनिफॉर्मच्या घडीखाली प्लास्टिकच्या फोल्डरात सगळे कागद लावलेले, माणूस फारच व्यवस्थित होता. इन्शुरन्सचं सर्टिफिकेट सापडलं सुभेदारसाहेब! त्यावर नॉमिनी म्हणूनही माहेरचंच नाव आहे, म्हणजे तिथंही तेच ॲफिडेव्हिट लागणार. डोमिसाइल मात्र नाही मिळालं. डिस्चार्ज बुकात भरतीच्या वेळचा गावचा पत्ता आहे, तो पुरावा म्हणून चालेल का?

आणि भाच्याबद्दल विचारायचं राहिलं, त्याला साताऱ्याच्या सैनिक स्कूलला जायचंय असं त्यानं आत्ताच डोक्यात घेतलंय.

सुभेदार_निवृत्त

पत्ता चालतो, पण एकटा नको. सोबत दाजींचा शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड आणि वडिलांचा जमिनीचा सातबारा लावा. मृत व्यक्तीचं डोमिसाइल म्हणून तहसीलवाले कुरकुर करतील, तेव्हा कल्याण अधिकाऱ्यांचं पत्र आधी घेऊन जा.

पोराला जाऊ द्या! नववीला परीक्षा देऊन जाता येतं, फॉर्म तो आठवीत असताना दिवाळीच्या आसपास निघतो, आणि फौजींच्या मुलांना, रिटायर धरून, २५ टक्के जागा राखीव असतात. आत्तापासून गणित पक्कं करून घ्या, त्या पेपरात सगळ्यात जास्त मार्क गणितालाच असतात. ॲफिडेव्हिटचा मसुदा लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडं तयार आहे. इन्शुरन्सचा क्लेम फॉर्म भरताना अडलात तर फोनवर बसून भरून घेऊ.