मदत हवी आहे: केअर होममधल्या नर्सेसच्या मेंटॉरिंगला पैसा कुठून आणायचा?

आमच्या केअर होममध्ये बहुतेक रहिवासी डिमेन्शियाचे नाहीतर अंथरुणाला खिळलेले. नवीन नर्स रात्रपाळीत एकटी पडते, घाबरते आणि सोडून जाते, म्हणून प्रत्येकीला एक सीनियर मेंटॉर द्यायचीय. ट्रेनिंगचा खर्च किरकोळ आहे हो, पण मेंटॉर नवीन मुलीला बेडसोअरचं ड्रेसिंग शिकवत उभी असते तेव्हा तिची ड्युटी कोण करणार, खरा पैसा तिथे लागतो. देणगीदार व्हीलचेअर आनंदाने देतात, पगाराचं नाव काढलं की गप्प. मॅनेजमेंटला, नर्स सोडून गेली की बोलवाव्या लागणाऱ्या एजन्सी नर्सेसची बिलं दाखवली तर म्हणे आधी रिझल्ट दाखवा. ड्युटीनंतर फुकटात करून बघितलं, मेंटॉरच थकल्या. फी वाढवता येणार नाही. कुणी अशा मेंटॉरिंगच्या छोट्या पायलट प्रोजेक्टसाठी फंड मिळवलाय का, आणि प्रपोजलमध्ये बदली नर्सचे तास बजेटच्या कुठल्या हेडखाली टाकले?